भूमध्य समुद्रातली क्रूझ: जहाजाची टूर घ्यावी की बंदरात उतरून आपलं आपण फिरावं?

केतकी

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या शेवटी बार्सिलोनाहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ पक्की केली आहे. वाटेत मार्सेय, लिव्होर्नो, चिव्हितावेक्किया (रोमसाठी), नेपल्स, पाल्मा, मग परत बार्सिलोना. आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघं, मुलगी १३, मुलगा ९, शिवाय सासूबाई आणि सासरे. सासरे ७६ वर्षांचे आहेत, एक गुडघा बदललेला आहे. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण जिने आणि चढ नको म्हणतात.

जहाज कंपनीच्या साइटवर प्रत्येक बंदराच्या ढीगभर टूर दिसतात. रोमची जेवणासकट दिवसभराची टूर माणशी दीडशे युरोंच्या पुढे जाते. सहा जणांच्या सगळ्या बंदरांच्या टूर घ्यायच्या तर खर्च क्रूझच्या भाड्याच्या आसपास पोचतो. नवऱ्याचं म्हणणं, सगळीकडे ट्रेन आहे, आपण आपलं जाऊ. सासूबाईंचा एकच प्रश्न आहे, "आणि जहाज निघून गेलं तर?" तो प्रश्न मला हसण्यावारी न्यायचा नाहीये. ज्यांनी ही बंदरं पाहिली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाऊलवाट

केतकी, टूर घ्यायची की नाही हे अख्ख्या क्रूझसाठी एकदाच ठरवू नका. बंदरागणिक ठरवा. दर वेळी दोनच गोष्टी बघायच्या. जे बघायचंय ते धक्क्यापासून किती लांब आहे, आणि परतताना काही अडलं तर हाताशी दुसरी सोय काय आहे. तुमच्या यादीतल्या बंदरांची उत्तरं एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

चिव्हितावेक्किया आधी घेते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. जाहिरातीत "रोम" लिहिलेलं असलं तरी रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. जहाजापासून बंदराची फुकट बस लार्गो देल्ला पाचे नावाच्या थांब्यापर्यंत सोडते. तिथून रेल्वे स्टेशन गावच्या बसने किंवा पायी, चालत गेलात तर अर्धा तास धरा. स्टेशनातून रोमच्या रिजनल गाड्या बऱ्याच आहेत. सान पिएत्रो स्टेशन पाऊण तासाच्या आसपास येतं आणि तिथून व्हॅटिकनचा चौक दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तेर्मिनीला म्हणजे मुख्य स्टेशनला सव्वा तास धरा. 'बिर्ग' नावाचं दिवसभराचं तिकीट मिळतं, त्यात रिजनल ट्रेन, रोमची मेट्रो आणि बस सगळं येतं. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना मात्र ते चालत नाही. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड होतो.

परतीसाठी मी एकच नियम पाळते. ज्या गाडीने परतायचं ठरवलं तिच्यामागे आणखी दोन गाड्या असल्या पाहिजेत, आणि त्यातली शेवटचीसुद्धा जहाजावर चढायच्या वेळेच्या तासभर आधी पोचवणारी हवी. समजा जहाज सातला सुटतंय आणि साडेसहापर्यंत वर या म्हणून सांगितलंय. मग तीन-सव्वातीनला रोम सोडायचं. म्हणजे रोममध्ये हातात पाच-साडेपाच तास राहतात. तेवढ्यात व्हॅटिकन किंवा कोलोसियम यातलं एकच नीट बघून होतं. दोन्ही एका दिवसात दाखवतो म्हणणारी टूर तुमच्या सासऱ्यांना पळवेल.

लिव्होर्नो: मालवाहू बंदर आहे. कंटेनरच्या गाड्या फिरत असतात म्हणून आत चालायला परवानगी नाही, शटल बसनेच गावातल्या चौकात यावं लागतं. तिथून शहर बसने स्टेशन. पिसा पंधरा-वीस मिनिटांवर, फ्लॉरेन्स दीड तासावर. पिसाचा मनोरा बघायचा तर शक्यतो सान रोस्सोरे स्टेशनवर थांबणारी गाडी घ्या. पिसा चेंत्रालेपासून मनोऱ्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं, सान रोस्सोरेपासून पाच-सात मिनिटांत पोचता. सासऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे.

नेपल्स: जहाज थेट शहराच्या पायाशी लागतं, समोर किल्ला, किल्ल्याजवळ मेट्रो. इथे टूर घ्यायची तर सोयीसाठी घ्या, भीतीपोटी घेऊ नका.

मार्सेय आणि पाल्मा: जहाजतळ गावाच्या मध्यापासून लांब आहेत, पण शटल आणि टॅक्सी दोन्ही मिळतात. अर्धा दिवस निवांत फिरायची गावं आहेत. तिथे टूरवर पैसे घालवू नका.

निवृत्त_शिक्षिका

पाऊलवाट यांनी फार छान लिहिलंय. पण मला सासऱ्यांच्या बाजूने थोडं सांगायचंय, कारण मी त्यांच्याच पिढीतली आहे.

आमच्या वयाला जहाजाच्या टूरचा खरा फायदा गाईडचा नसतो. जहाजाच्या शिडीपाशी बस उभी असते आणि ती परत तिथेच आणून सोडते, हा असतो. ट्रेनचा फलाट शोधा, जिना चढा, तिकीट छापा, गाडीत जागा मिळेल का बघा, या सगळ्यात आमची निम्मी ताकद बघायच्या ठिकाणी पोचण्याआधीच संपते. तरुण मंडळींना ते जाणवत नाही, आणि आम्ही बोलत नाही.

तरीही जहाजाची टूर म्हणजे कमी चालणं, असं मुळीच समजू नका. फ्लॉरेन्सच्या जुन्या गावात मोठ्या बसना जाऊ देत नाहीत. बस नदीकाठी कुठेतरी सोडते आणि तिथून पंधरा-वीस मिनिटं दगडी फरसबंदीवरून चाला. रोममध्येही तीच गत. त्यात चाळीस जणांचा घोळका असतो, गाईडच्या हातात उंच धरलेला नंबरचा फलक असतो, आणि तो फलक आपल्यासाठी थांबत नाही. कानात यंत्र असतं म्हणून आवाज येत राहतो, पण गाईड दिसेनासा होतो. पुढच्या वळणावर तो डावीकडे गेला की उजवीकडे, हे शोधताना जिवाची घालमेल होते. टूरच्या वर्णनात चालण्याची पातळी लिहिलेली असते. "मध्यम" लिहिलं असेल तर आमच्यासाठी ते अवघड समजा.

म्हणून माझा सल्ला: रोमला सहा जणांनी मिळून ड्रायव्हरसकट व्हॅन करा. भाडं गाडीचं असतं, डोक्यामागे नाही. सहा जणांत ते वाटलं की जहाजाच्या टूरपेक्षा बहुधा कमीच पडतं. आजोबा दमले तर गाडीत बसून राहू शकतात. हवं तिथे थांबता येतं आणि स्वच्छतागृह लागलं तर कुणाची परवानगी काढावी लागत नाही.

पाऊलवाट

निवृत्त_शिक्षिका, व्हॅनला माझा शंभर टक्के दुजोरा. मी ट्रेनचं लिहिलं कारण विचारणाऱ्यांत बहुतेक दोघं-तिघं असतात. सहा जणांसाठी गणित बदलतं.

फक्त एक लक्षात ठेवा. इटलीत ड्रायव्हर आणि गाईड यांचे परवाने वेगळे असतात. ड्रायव्हर गाडीत गप्पा मारत माहिती देईल, पण कोलोसियमच्या आत येऊन समजावून सांगणार नाही. तिकिटंही तुमची तुम्हीच काढायची. कोलोसियमची तिकिटं आता नावानिशी असतात, दाराशी ओळखपत्र बघतात. साधारण महिनाभर आधी विक्री सुरू होते आणि चांगल्या वेळा लगेच संपतात. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद असतात. तुमचा रोमचा वार कोणता ते आधी बघा.

अबोली

केतकीताई, तुमचा पासपोर्ट भारतीय आहे असं धरून लिहितेय. या मुद्द्याकडे बहुतेक जण शेवटी वळतात, खरं तर तो सगळ्यात आधी बघायला हवा.

तुमची सगळी बंदरं स्पेन, फ्रान्स आणि इटलीतली, म्हणजे शेंगेनमधली (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातली) आहेत. जहाज चुकलं तरी तुम्ही कायदेशीरपणे त्याच व्हिसावर पुढच्या बंदराला ट्रेनने, विमानाने जाऊ शकता. त्रास होईल, पैसे जातील, पण अडकून पडणार नाही. पूर्व भूमध्यात मात्र चित्र पालटतं. ग्रीसच्या बेटांवरून जहाज तुर्कस्तानात कुशादासीला जातं, एड्रियाटिकमध्ये मॉन्टेनिग्रोतल्या कोतोरला जातं. हे दोन्ही देश शेंगेनच्या बाहेर आहेत. (क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला, त्यामुळे दुब्रोव्निकचं जुनं लिखाण वाचून गोंधळू नका.) अशा क्रूझला मल्टिपल एंट्री व्हिसाच लागतो. सिंगल एंट्रीवर कुशादासीला जहाज चुकलं तर परत ग्रीसमध्ये शिरायचं कसं?

दुसरं म्हणजे, बऱ्याच भूमध्य क्रूझवर भारतीय पासपोर्ट चढतानाच जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. म्हणजे तुम्ही रोममध्ये फिरत असता तेव्हा पासपोर्ट जहाजावर असतो. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाच्या पानाची छापील प्रत प्रत्येकाच्या खिशात हवी, मुलांच्याही. कोलोसियमला ओळखपत्र म्हणून काय चालेल तेही आधी विचारून ठेवा. रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं. त्यावर खाली बंदरातल्या एजंटचं नाव आणि फोन छापलेला असतो. त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर घ्या. जहाज चुकलंच तर तुमचा आणि जहाजाचा दुवा तोच माणूस असतो.

सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर आठ प्रवासी खासगी टूरवरून उशिरा परतले. जहाज अजून नांगरावरच होतं. तटरक्षक दलाची बोट त्यांना जहाजापर्यंत घेऊन गेली, तरीही वर घेतलं नाही. पुढे एका बंदरात गाठायचा प्रयत्न केला तर तिथे जहाज लागलंच नाही. शेवटी सेनेगलमध्ये डाकारला त्यांनी जहाज गाठलं. जगभरच्या बातम्यांत ते आलं होतं. जहाजाच्या टूरवरची बस उशिरा आली असती तर जहाज थांबलं असतं, किंवा कंपनीने स्वखर्चाने त्यांना पुढे पोचवलं असतं. टूरच्या जास्तीच्या पैशांत आपण मुख्यतः ही हमी विकत घेतो. रोमसारख्या दूरच्या ठिकाणी ती हमी मोलाची आहे. नेपल्समध्ये धक्क्यासमोरच्या चौकात कॉफी प्यायला ती कशाला लागते?

सिएटलकर

भूमध्य समुद्र माझ्या अनुभवाचा नाही, पण इथे अलास्का क्रूझचे बरेच मराठी लोक वाचत असतील म्हणून लिहितो. अबोली यांनी म्हटलंय तेच तिथे आणखी कडक आहे.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे जायला रस्ताच नाही. जहाज चुकलं तर विमान किंवा फेरी, तिसरा मार्ग नाही. केचिकानचंही तसंच. त्यात अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊन सोडू शकत नाही. सिएटलला चढून जुनोला तुमचा प्रवास संपला तर त्या कायद्याखाली दंड लागू शकतो आणि कंपनी तो प्रवाशाकडून वसूल करू शकते. याच कायद्यामुळे सिएटलच्या क्रूझ शेवटी कॅनडात व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. म्हणून भारतीय पासपोर्टवर, एच-वन-बीवर असणाऱ्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो, व्हिक्टोरियाला जहाजातून उतरायचं नसलं तरी. ग्रीन कार्डवाल्यांना तो व्हिसा लागत नाही.

पण म्हणून सगळीकडे जहाजाचीच टूर घ्या असं मी म्हणणार नाही. जुनोचा मेंडेनहॉल ग्लेशियर गावापासून वीस किलोमीटरच्या आसपास आहे. धक्क्याजवळच शटलची तिकिटं मिळतात. गावच्या बसने गेलात तर शेवटचे अडीच किलोमीटर चालावं लागतं, मुलांना ते जंगलातलं चालणं आवडतं. उलट स्कॅगवेला व्हाइट पासची रेल्वे आहे. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांच्या काळात, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली. ती गाडी थेट जहाजाच्या बाजूला येऊन उभी राहते. तिथे जहाजाची टूर आणि तुम्ही स्वतः काढलेलं तिकीट, दोन्ही एकाच डोंगरावर नेतात. मग फरक फक्त किमतीत उरतो.

सिडनीवासी

हमीबद्दल सगळे बोलतायत म्हणून एक गंभीर गोष्ट मांडतो.

९ डिसेंबर २०१९ ला न्यूझीलंडच्या व्हाकारी, म्हणजे व्हाइट आयलंड ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती. २२ जण गेली. बेटावरच्या बहुतेकांनी ती सहल क्रूझ जहाजावरूनच घेतली होती. सिडनीहून निघालेलं जहाज होतं, त्यामुळे इथे बरेच दिवस त्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

सांगायचं हे की जहाजाच्या टूरची हमी ही जहाजाच्या वेळेची हमी आहे. ती सुरक्षिततेची हमी नाही. बस, बोट, गाईड, सगळं स्थानिक कंपनीचं असतं आणि करारात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. ज्वालामुखी, हेलिकॉप्टर, झिपलाइन, स्कूबा अशा गोष्टींत "जहाजाने दिलीय म्हणजे तपासलेली असणार" असं धरून चालू नका. टूर चालवणारी स्थानिक कंपनी कोण आहे ते विचारा, तिच्याबद्दल वाचा. तुमचा विमा त्या प्रकाराला लागू आहे का तेही बघा. मुलं बरोबर असताना तर नक्कीच.

मुंबई_गाईड

मी या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. परदेशी जहाजं मुंबईत येतात तेव्हा बॅलार्ड पिअरवरून प्रवाशांना घेऊन फिरवणाऱ्या गाईडांपैकी मी एक आहे. त्यामुळे जहाजाची टूर आतून कशी चालते ते सांगतो.

क्रूझ कंपनी टूर विकते, पण चालवत नाही. ती स्थानिक कंपनीला काम देते. ती कंपनी बस ठरवते, आमच्यासारखे परवानाधारक गाईड ठरवते. सकाळी बस रांगेत उभ्या, प्रत्येक बसला नंबर, प्रवाशाच्या छातीवर त्याच नंबरचा स्टिकर. गेटवे, मणिभवन, महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट, चर्चगेटला साडेअकराच्या सुमाराला डबेवाले, मग सीएसएमटीची इमारत बाहेरून. प्रत्येक थांब्यावर माणसं मोजायची. बसमध्ये चढताना मोजायची आणि बस सुटल्यावर मधल्या वाटेने मागपर्यंत जाऊन पुन्हा मोजायची. चाळीस माणसांच्या प्रत्येक थांब्यावर उतरण्या-चढण्यातच पंधरा मिनिटं जातात. एखादं दुकान वेळापत्रकात असतंच, ते आम्ही ठरवत नाही.

वाहतूक तुंबली की मी फोन करतो. माझ्या कंपनीकडून जहाजावरच्या टूर डेस्कला कळतं, सातव्या नंबरची बस मोहम्मद अली रोडला अडकलीय. जहाज थांबतं ते या साखळीमुळे. एकटा-दुकटा प्रवासी टॅक्सीत अडकला तर तो कुठे आहे हे जहाजाला कोणी सांगायचं?

पण मला मनापासून वाटतं की शहर समजायला आमची बस पुरत नाही. माझ्याकडे कधी कधी चौघांचं कुटुंब थेट येतं, जहाजाबाहेरून ठरवून. त्यांच्यासोबत मी भुलेश्वरच्या गल्लीत फुलवाल्यांपाशी थांबू शकतो. त्यांना भूक लागली की पुरीभाजी खायला नेऊ शकतो. पाऊस आला तर बेत बदलू शकतो. तेच माझं आवडतं काम आहे. आणि त्यांना मी जहाजाच्या वेळेच्या दोन तास आधी गेटवर सोडतो, एकदाही कमी नाही.

त्यामुळे केतकीताई, स्थानिक गाईड थेट ठरवत असाल तर त्याला पहिलाच प्रश्न विचारा: "क्रूझच्या लोकांना नेहमी नेता का?" जो नेहमी नेतो तो तुमच्या आधी घड्याळ बघतो. आठवड्याची सुट्टीही विचारा. आमच्याकडे घारापुरी सोमवारी बंद असते आणि दर मोसमात कोणीतरी सोमवारीच घारापुरीसाठी येतं.

वास्कोकर

गाईडदादा, अगदी बरोबर. मुरगाव बंदरावर मी हेच बघतो. जहाजातून उतरलेल्यांना वाटतं गोवा म्हणजे समोरच पणजी. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, जुनं गोवंही जवळपास तेवढंच. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून वेळ बराच वाचतो, पण वास्को शहरातून बाहेर पडतानाच गाड्या तुंबतात. ओला-उबर गोव्यात नाहीत. टॅक्सी स्टँडवर भाडं आधी ठरवा, परत आणून सोडायचं आणि थांबायचं भाडं धरून.

मुंबईहून वीकेंडच्या क्रूझने येणाऱ्या आपल्या मराठी लोकांना एक सांगतो. हातात चार-पाच तासच असतील तर कळंगुट-बागाचा हट्ट सोडा. बोगमाळोचा किनारा आणि त्याच रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय बंदरापासून जवळ आहे. सोमवारी संग्रहालय बंद.

अबोली

वेळेवरून आठवलं. जहाजाची वेळ आणि गावची वेळ वेगळी असू शकते. तुमच्या क्रूझवर सगळीकडे एकच वेळ आहे, त्यामुळे प्रश्न नाही. पण सिंगापूरहून पेनांग-फुकेत क्रूझला आपले खूप लोक जातात. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर पाय ठेवला की मोबाइल आपोआप थायलंडची वेळ दाखवतो आणि जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल तर तासभराचा फटका बसतो. अशा वेळी हातात साधं घड्याळ बांधा, जहाजाच्या वेळेवर लावा आणि दिवसभर त्याला हात लावू नका.

पेनांगला टूरची अजिबात गरज नाही, हेही सांगून ठेवते. धक्का थेट जॉर्जटाउनला लागतो. चालत गेलात तर लिटल इंडिया, महामारिअम्मन देऊळ, कॅपिटन केलिंग मशीद, खू कोंगसी हे चिनी कुळाचं मंदिर सगळं एका फेरीत होतं, आणि शाकाहारी जेवणाचीही चिंता नाही. पोर्ट क्लांग मात्र क्वालालंपूरपासून चाळीसहून जास्त किलोमीटर आहे. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये परतायचं असेल तर माझं मत जहाजाच्या बसला.

केतकी

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी एजंटच्या फोनचा मुद्दा लिहून घेतला.

नेपल्सबद्दल आणखी विचारते. मुलाला पोम्पेई, म्हणजे ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर, बघायचंच आहे, शाळेत ज्वालामुखी शिकलाय. सासऱ्यांना ते झेपेल का? आणि तिथल्या लोकल ट्रेनबद्दल फार वाईट वाचलं.

पाऊलवाट

ती लोकल म्हणजे चिर्कुमव्हेसुव्हियाना. बंदरासमोरच्या म्युनिचिपिओ मेट्रोने गारिबाल्दीला जा, तिथून ती गाडी मिळते. पोम्पेई स्कावी स्टेशन चाळीस मिनिटांच्या आसपास येतं आणि उत्खननाचं दार स्टेशनसमोरच आहे. गाडी जुनी, गर्दीची आणि उन्हाळ्यात तापलेली असते. खिसेकापूंसाठी बदनाम आहे. मुंबईच्या लोकलची सवय असेल तर गर्दीचं काही वाटणार नाही, पाकीट पुढच्या खिशात आणि पाठपिशवी पोटावर. पण गुडघा बदललेल्या माणसाला उभ्याने चाळीस मिनिटं न्यायचं नाही. तिथेही व्हॅन किंवा टॅक्सी.

खुद्द पोम्पेई: रस्ते म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे मोठाले दगड, मधे रथांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. रस्ता ओलांडायला उंच दगड ठेवलेत, त्यावर पाय टाकत जावं लागतं. सावली जवळजवळ नाही आणि मेच्या शेवटी ऊन चढतं. व्हीलचेअर जाईल असा एक मार्ग मात्र तयार केला आहे, अँफिथिएटरच्या बाजूच्या दाराने सुरू होतो. त्या दारानेच आत जा. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटं नावानिशी आहेत, तेव्हा ती आधी काढा.

मला विचाराल तर मी एर्कोलानो सुचवेन, जुनं हर्क्युलेनियम. इसवी सन ७९ मध्ये त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं. पोम्पेईवर हलक्या दगडांचा आणि राखेचा पाऊस पडला, छपरं वजनाने कोसळली. हर्क्युलेनियमवर तापलेल्या वायू-राखेचे लोट आले आणि गाव वीसेक मीटर खोल पुरलं गेलं. त्यामुळे तिथे दुसरे मजले उभे आहेत. जळून कोळसा झालेल्या लाकडी तुळया, दारं, एक सरकता लाकडी पडदासुद्धा जागच्या जागी आहे. दुकानाच्या कट्ट्यात बसवलेले मातीचे रांजण आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला "इथे माणसं राहत होती" हे पोम्पेईच्या मोठ्या मैदानापेक्षा तिथे लवकर उमगतं. जागा लहान आहे, दोन-अडीच तासांत नीट बघून होते. नेपल्सपासूनचं अंतरही निम्मं. गाव खड्ड्यात असल्यामुळे उतार आहे, पण वरच्या कडेवरून सगळं गाव दिसतं. सासरे तिथे बसून बघू शकतात.

केतकी

मुलाला दोन्हीचे फोटो दाखवले. लाकडी पडदा बघून त्याने एर्कोलानो निवडलं.

तर असं ठरतंय. मार्सेय आणि पाल्मा आपलं आपण, शटलने. लिव्होर्नोला ट्रेनने फक्त पिसा, सान रोस्सोरेवर उतरून. फ्लॉरेन्स या वेळी सोडतोय, मुलगी नाराज आहे पण दीड तास जाणं, दीड तास येणं सासऱ्यांना नको. रोमला व्हॅन, फक्त कोलोसियम आणि आजूबाजूचा भाग, तीनला परत. नेपल्सला टॅक्सीने एर्कोलानो, दुपारी जहाजावर विश्रांती, मग आम्ही चौघं पुन्हा गावात पिझ्झा खायला. जहाजाची टूर एकही नाही. सासूबाईंचं समाधान रोमच्या व्हॅनवाल्याचं "जहाज नाही गाठलं तर पुढच्या बंदराला पोचवू" हे लेखी आल्यावरच होणार आहे, आणि मला त्यांचं पटतं.

निवृत्त_शिक्षिका

उत्तम बेत. लेखी घ्याच. आणि उलटंही विचारा, हवेमुळे जहाज बंदराला लागलंच नाही तर आगाऊ पैसे परत देणार का. जहाजाच्या टूरचे पैसे अशा वेळी आपोआप परत मिळतात, खासगीत तसं नसतं. क्रूझवाल्यांसोबत नेहमी काम करणारे हे मान्य करतात.

मोगरा

आम्ही जूनमध्ये दोघंच जातोय, हीच बंदरं, सगळीकडे ट्रेनने. इटलीत रेल्वेचे संप खूप होतात म्हणतात. तेव्हा काय करायचं?

पाऊलवाट

मोगरा, संप आधी जाहीर होतात. इटलीच्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखांसकट यादी असते. निघायच्या आठवडाभर आधी आणि मग आदल्या रात्री बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक रिजनल गाड्या चालवाव्याच लागतात. सकाळच्या गाडीने रोमला जाता येईल, पण संध्याकाळच्या गाड्या सुरू होतील तोवर तुमचं जहाज सुटायला आलेलं असेल. म्हणून तुमच्या रोमच्या तारखेला संप निघाला तर ट्रेनचा विचार सोडा. जहाजावर "फक्त बसने रोमला नेणं-आणणं" अशी गाईडविना टूर मिळते, पूर्ण टूरपेक्षा बरीच स्वस्त. ती आदल्या दिवशी डेस्कवर जाऊन घ्या. जागा लवकर भरतात, कारण यादी बाकीचेही बघत असतात.